पोट्टा फॉरेनच्या गावाला गेला

नागपूरजवळच्या हिंगण्यात कोणाचा पोट्टा फॉरेनला चालला असं कळलं की लोक आधी ‘कुठं?’ विचारत नाहीत, ‘किती लागले?’ विचारतात. देश नंतर येतो. देश अमेरिका किंवा जर्मनी निघाला तर मान हलते आणि विषय पुढे सरकतो, कारण वानाडोंगरीपासून इकडे इंजिनिअरिंगची इतकी कॉलेजं झालीत की प्रत्येक गल्लीतून एखादा तरी तिकडे पोचलेला आहेच. आमच्या पुतण्याने मात्र फ्रान्स म्हटलं आणि पानठेल्यावर चुना लावणारा हात थांबला. फ्रान्सला लोक टॉवरसमोर फोटो काढायला जातात. शिकायला कोण जातं?

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सगळ्यांसाठी एकच उत्तर तयार ठेवलं होतं. “पॅरिसच्या बाजूलेच आहे.”

हे त्याने हवेतून काढलं नव्हतं. पोट्ट्याच्या कॉलेजच्या पत्त्यात ‘ल बूर्झे’ असं गाव होतं, आणि मोबाइलवर ल बूर्झे टाकलं की पॅरिसच्या वेशीवरचा विमानतळ समोर येतो. १९२७ साली लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून उतरला तो हाच. दर दोन वर्षांनी जगातल्या विमानांची जत्रा भरते तीही इथेच. शिवाय आमच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात फ्रेंच फाल्कन विमानांचे भाग तयार होतात हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दादाने डोक्यात सरळ रेघ ओढली. पोट्टा विमानांच्या गावात शिकणार, दोन वर्षांनी मिहानला नोकरीला लागणार, रात्री जेवायला घरी. पत्त्यात ल बूर्झेच्या मागे ‘द्यु-लाक’ असंही काहीतरी होतं. ते त्याने गावाचं आडनाव समजून सोडून दिलं.

त्या आडनावात साडेपाचशे किलोमीटर होते.

ल बूर्झे-द्यु-लाक हे गाव फ्रान्सच्या पार आग्नेयेला, आल्प्सच्या पायथ्याशी, साव्वा नावाच्या मुलखात आहे. समोर तळं. पूर्णपणे फ्रान्सच्या हद्दीत असलेलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं तेच. मागे डोंगर, मधे चर्च, आणि वस्ती पाचेक हजार. पोळा झाला, मारबत गेली, आणि त्याच पंधरवड्यात पोट्टा ल्यों शहराच्या विमानतळावर उतरून पुढे बसने गावात दाखल झाला. पहिला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आमच्या हॉलमध्ये निम्मी गल्ली होती. सगळे टॉवर बघायला आले होते. पोट्ट्याने कॅमेरा फिरवला. दगडी भिंत दिसली. दुसरी दगडी भिंत दिसली. एक मांजर दिसलं.

“माणसं कुठं आहेत बे?” दादाने विचारलं.

“घरात.”

“काहून? काही झालं का तिकडं?”

“काही नाही झालं बाबा. सात वाजले.”

वहिनीचा चेहरा पडला. तिच्या जावेने कॅनडाचा मॉल दाखवला होता, भाचीने जर्मनीची ट्राम दाखवली होती, आणि आपल्या नशिबी मांजर. दादाला वेगळीच गोष्ट झोंबली. हिंगणा आता काही साधं गाव नाही. नगरपंचायत आहे, तहसील आहे, एमआयडीसी आहे. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर सुरू होतात ते आमच्याच तालुक्यातल्या शिवमडक्यातून. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो २०२० सालीच आली, आणि पुढे हिंगण्यापर्यंत येऊन राहिली आहे. “आपण गावातून निघायले चाळीस वर्षं लावली,” तो म्हणाला, “अन हा पोट्टा कर्ज काढून परत गावातच जाऊन बसला.”

त्यात नागपूर मेट्रोच्या भांडवलात फ्रेंच विकास संस्थेचं १३ कोटी युरोंचं कर्ज आहे, हे मी मधेच बोललो. कशाला बोललो असं झालं. दादाने तिथल्या तिथे हिशेब मांडला. त्यांनी आपल्याला कर्ज दिलं, त्याची मेट्रो झाली. आपण पोट्ट्यासाठी कर्ज काढून त्यांना फी दिली, त्याचं काय झालं? मांजर.

आता पोट्टा तिथे शिकायला काय गेला हे सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथे आहे. तो सूर्य शिकायला गेला. फ्रान्सची सौरऊर्जेची राष्ट्रीय संशोधन संस्था २००६ सालापासून याच गावात आहे आणि विद्यापीठाचं आवारही तिला लागून आहे. ही सगळी जागा म्हणजे १९८३ साली बंद झालेला हवाई दलाचा जुना तळ. (हे कळल्यावर दादाला जरा बरं वाटलं. “विमानतळ होतं म्हणजे होतं,” तो म्हणाला.) पण सूर्य! ज्या नागपुरात मे महिन्यात पारा ४७च्या वर गेलेला आहे, जिथे दुपारी बारा ते चार कुत्रंसुद्धा नालीत बसतं, तिथला पोट्टा ऊन शिकायला कुठे गेला, तर जिथे गावाच्या पश्चिमेला १,३९० मीटर उंचीचा दाँ द्यु शा नावाचा डोंगर उभा आहे आणि दिवस मावळायच्या खूप आधी सूर्य त्याच्या आड जातो. आजीने विचारलं ते अगदी रास्त होतं. “ऊन आपल्याजवळ, अन शाळा त्याईच्याजवळ? मंग इथंच काहून नाही शिकवत?”

यावर पोट्ट्याने पहिल्या आठवड्यात शिकलेलं ज्ञान घरी पाठवलं. सोलर पॅनेलला ऊन पाहिजे असतं, उष्णता नको असते. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी देतं. नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेलं तर चाळीस अंशांचे सोळा टक्के गेले. आपण ज्या उन्हाच्या जिवावर मिशीला पीळ देत होतो, तेच ऊन आपली वीज खात होतं. दादाने नुकतंच केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत गच्चीवर पॅनेल बसवलं होतं, ७८ हजारांचं अनुदानही आलं होतं. तो ते ऐकून गप्पच झाला. रात्री मला फोन. “त्या पॅनेलले कूलर लावला तर?”

मी विचारलं, कूलर कशावर चालवणार?

“पॅनेलवर,” तो म्हणाला, आणि मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

पोट्ट्याला वसतिगृहात खोली मिळाली नाही म्हणून तो एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहिला. त्यांचं नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना ‘तिकडची आजी’ म्हणतो. पहिल्या सकाळी पोट्टा जिना उतरून खाली आला आणि त्याने नम्रपणे, पाठ केलेल्या फ्रेंचमध्ये विचारलं की गरम पाणी कसं सुरू करायचं. तिकडच्या आजी नुसत्या बघत राहिल्या. त्याने परत विचारलं. परत तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी हळू आवाजात, शाळेच्या बाईंसारखं, “बाँजूर,” म्हटलं आणि थांबल्या. मग याच्या डोक्यात प्रकाश पडला. तिथे बाँजूर म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य कोणाच्या कानात शिरतच नाही. बेकरीत जा, पोस्टात जा, कोणाला रस्ता विचारा, आधी बाँजूर. घर जळत असलं तरी अग्निशामक दलाला आधी बाँजूर म्हणावं लागत असेल असा माझा अंदाज आहे.

तो इतका घाबरला की सगळ्यांनाच बाँजूर म्हणत सुटला. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, उतरताना परत. आपल्याकडे शहराच्या ‘आपली बस’मध्ये चढून कंडक्टरला ‘नमस्कार साहेब’ म्हणून पाहा. तो पहिल्यांदा तिकीट मागेल, दुसऱ्यांदा पास मागेल आणि मग पुढच्या स्टॉपपर्यंत डोळे काढणार नाही तुमच्यावरून. तिकडे उलट. न म्हणाल तर संशय. त्यातही एक मेख आहे. एका माणसाला दिवसातून एकदाच बाँजूर म्हणायचं. दुपारी तोच भेटला आणि परत म्हटलं तर त्याला वाटतं, सकाळी मी याच्या लक्षातच राहिलो नाही. पोट्ट्याने मग ज्यांना म्हणून झालं त्यांची मनातल्या मनात यादी ठेवायला सुरुवात केली. सौरऊर्जेपेक्षा याला जास्त वेळ जात होता.

कागदपत्रांचं सांगायला बसलो तर दिवाळी अंक भरेल, म्हणून एकच सांगतो. बँकेत खातं उघडायला राहण्याचा पुरावा लागतो. पोट्ट्याच्या नावावर घर नाही, करार नाही. मग बँकेने सांगितलं की घरमालकिणीचं पत्र आणा, हा माणूस माझ्याकडे राहतो असं, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणा, आणि त्यांच्या नावाचं लाइट बिल आणा. हे ऐकून दादा खुर्चीतून उठून उभा राहिला. “लाइट बिल?” तो म्हणाला. “फ्रान्समध्ये लाइट बिल?” त्याच्या आवाजात पहिल्यांदाच त्या देशाबद्दल आपुलकी होती. रेशनकार्डापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत त्याने जन्मभर लाइट बिलाची झेरॉक्स खिशात ठेवली. त्याचं चीज झालं.

खोलीचाही विमा काढावा लागला. भाडेकरूच्या चुकीने आग लागली, नळ फुटला तर भरपाई त्याने द्यायची असा तिकडचा कायदा आहे, म्हणून विमा सक्तीचा. “खोलीत आहे काय विमा काढायले?” वहिनीने विचारलं. तिने दिलेला तीन लिटरचा कुकर सोडला तर खरंच काही नव्हतं. पण कुकरची पहिली शिटी झाली तेव्हा तिकडच्या आजी ज्या वेगाने जिना चढून आल्या, त्यावरून विम्याचा कायदा कोणी आणि का केला असावा हे पोट्ट्याला समजलं.

नावाचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात पोराचं आणि बापाचं नाव एका दमात लिहितात, आडनाव वेगळं. फ्रेंच लोकांत जाँ-पिएर, मारी-क्लेर अशी जोडनावं असतात. त्यामुळे कॉलेजच्या यादीत पोट्ट्याचं आणि दादाचं नाव मिळून एक जोडनाव झालं आणि वर्गातली मुलं त्याला त्याच नावाने हाक मारू लागली. म्हणजे हिंगण्यातून सात हजार किलोमीटर लांब जाऊनही पोट्टा बापाशिवाय कुठेच जाऊ शकत नाही. प्रयोगशाळेत दादा. जेवणघरात दादा. शुक्रवारी रात्री मुलं तळ्याकाठी बसून बाटली उघडतात आणि आरोळी ठोकतात, त्यात पहिलं पोट्ट्याचं नाव, लगेच दादाचं. पोट्टा म्हणतो, अशा वेळी ग्लास हातात धरवत नाही. दादाला हे सांगितलं नाही. दादा इतकंच सांगतो की तिकडे आपल्याला लोक ओळखतात.

सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी दुपारी ठीक बारा वाजता गावावर भोंगा झाला. धोक्याची सूचना देणारे भोंगे फ्रान्सभर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी वाजवून तपासतात. नवीन आलेली परदेशी मुलं घाबरून टेबलाखाली बघू लागली. चीनची एक मुलगी रडायच्या बेतात. आमचा पोट्टा एमआयडीसीच्या भोंग्यांवर वाढलेला. त्याने शांतपणे बॅग उघडली आणि डबा काढला.

डब्यात काय होतं, हा प्रश्न आमच्याकडे देशाच्या अर्थसंकल्पापेक्षा मोठा होता. जाताना आजीने लोणकढं तूप बरणीत भरून दिलं होतं. पोट्ट्याने नियम वाचून सांगितलं की युरोपात बाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप नाही, खव्याची संत्रा बर्फी नाही. आजीला ते कळेचना. “दुधावर बंदी? मंग तिथं जाऊन खातात काय?” चीज खातात. साव्वाकडे तर तीन वेळा चीज खातात. तिथला एक प्रकार आहे, राक्लेत. चीजची लादी गरम करायची, वितळलं की खरवडून उकडलेल्या बटाट्यावर घालायचं. दुसरा प्रकार तार्तिफ्लेत. बटाटा, कांदा, डुकराचं खारवलेलं मांस आणि वर रब्लोशाँ नावाचं आख्खं चीज. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला असेल असं वाटतं, पण हा पदार्थ १९८० च्या दशकात रब्लोशाँचा खप वाढावा म्हणून गाजवला गेला. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. संत्र्याचं उत्पादन जास्त झालं की आपल्याकडे भाव पडतात आणि निवेदनं दिली जातात. कोणी परंपरा काढत नाही.

विद्यार्थ्यांच्या सरकारी खानावळीत तेव्हा तीन युरो तीस सेंटमध्ये पूर्ण जेवण मिळायचं, पोट्टा तिथे जेवायचा आणि दर घासाला रुपयांत गुणाकार करायचा. पहिल्या रविवारी मात्र खानावळ बंद, दुकानं बंद, बस नावापुरती. त्याने शनिवारी काही आणून ठेवलं नव्हतं. हिंगण्यात रविवारीच तर बाजार उघडा असतो, माणसाला बाकी दिवशी वेळ कुठे असतो? खोलीत कुकर, तांदूळ आणि वहिनीने दिलेली लसणाची लाल चटणी. तो भात-चटणी घेऊन बसला तोच तिकडच्या आजी वर आल्या. रविवारी दुपारी एकटं जेवणं त्यांना पाहवलं नाही. खाली घेऊन गेल्या. तिथे राक्लेत. पोट्ट्याने बटाट्यावर चीज घेतलं, आणि सवयीने वर चिमूटभर चटणी. तिकडच्या आजींनी विचारलं, हे काय. त्याने दिलं. त्यांनी चाखलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पाण्याचा ग्लास, ब्रेडचा तुकडा, आणि मग, पोट्टा शपथेवर सांगतो, त्यांनी बशी पुढे केली.

तेव्हापासून दोन्ही आज्या व्हिडिओ कॉलवर बोलतात. इकडची वऱ्हाडीत, तिकडची फ्रेंचमध्ये. पोट्टा मधे दुभाषा म्हणून बसायचा, पण दोघींनी त्याला उठवलं. ऑक्टोबरात तिकडच्या आजी त्याला आन्सी नावाच्या जवळच्या शहरात घेऊन गेल्या. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात चरलेल्या गाई तिथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी खाली येतात, कपाळावर फुलं, गळ्यात टोपलीएवढ्या घंटा, आणि रस्त्याच्या दुतर्फा गर्दी. इकडची आजी मोबाइल नाकाला लावून बघत होती. फ्रान्समध्ये जे जे दाखवलं त्यात तिला पटलेलं हे पहिलंच. “पोळा आहे न बाप्पा,” ती म्हणाली. मग तिने एक घंटा नीट दाखवायला सांगितली आणि विचारलं, दूध किती देते.

पोट्ट्याची दुसरी सफर शाँबेरीची. गावाजवळचं मोठं शहर. चौकात एक कारंजं आहे, १८३८ सालचं. त्यावर चार हत्ती, पण फक्त पुढचे अर्धे. मागचा भाग खांबात गेलेला. तिकडचे लोक त्यावरून जो चावट विनोद करतात तो इथे छापण्याजोगा नाही. हे कारंजं बांधलं ते द ब्वान्य नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ, आणि हा द ब्वान्य म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला डी बॉइन, महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती. १७५१ साली शाँबेरीत जन्मला, हिंदुस्थानात पलटणी उभ्या केल्या, पैसा गाठीला बांधून गावी परतला आणि त्यातून गावाला दवाखाना दिला, रस्ता दिला. पोट्ट्याने फोटो पाठवला आणि पानठेल्यावर वाद सुरू झाला. एक पार्टी म्हणे, हा आपलाच पैसा. दुसरी म्हणे, आपला कसा, शिंदे ग्वाल्हेरचे, आपण भोसल्यांचे. भोसल्यांनी दिला असता तर हत्ती पूर्ण आले असते.

ह्या वादात दादा नव्हता. तो कुरिअरच्या काउंटरवर होता. तिकडच्या आजींची चटणी संपली होती आणि निरोप आला होता. दूध नाही, मांस नाही, चटणीला हरकत नाही. वहिनीने दोन किलो कुटून दिली. काउंटरवरच्या पोराने पुडा हुंगला, शिंकला, आणि फॉर्मवर आतल्या मालाच्या पुढे काय लिहू म्हणून विचारलं. दादा म्हणाला, औषध लिही. पोरगा म्हणाला, औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. मग मसाला लिहिलं. किंमत? दादाने दोनशे सांगितली. पाठवायचे साडेचार हजार झाले. दादाने डोळे मिटून पैसे मोजले. शेवटी पत्ता आला. पोराने संगणकात टाकला, थांबला, परत टाकला.

“काका, पिनकोडात एक आकडा कमी आहे. पाचच आहेत.”

“तिकडं पाचच असतात.”

“मशीन सहा मागून राहिली.”

दादाने एकदा मागच्या रांगेकडे बघितलं, एकदा पुड्याकडे. “मंग घाल तुझ्या मनानं एक,” तो म्हणाला, “पण चांगला घाल.”